अब्बांनी पुसलेले रूळ

आमच्या आतल्या खोलीतल्या पलंगाखाली सहा बाय चार फुटांची एक प्लायवूडची फळी आहे. तिला खालून छोटी चाके लावली आहेत, म्हणजे ओढली की ती सहज बाहेर येते. फळीवर खेळण्यातली रेल्वे आहे. ‘खेळण्यातली’ म्हटले की माझा मुलगा रागावतो. ‘मॉडेल म्हणा, अब्बू,’ असे म्हणतो.

घरी येणारे पाहुणे विचारतात, एवढ्या लहान घरात ही हौस कशाला? मी हसून वेळ मारून नेतो. खरे उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. ती कधीतरी लिहून काढावी असे बरेच दिवस मनात होते.

अब्बा मध्य रेल्वेत होते. आधी बरीच वर्षे गँगमध्ये, मग की-मॅन. २००४ साली निवृत्त झाले. लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांनाही की-मॅन काय करतो हे सहसा माहीत नसते. त्याच्या वाट्याला लाइनीचा एक ठरावीक तुकडा येतो, त्याला बीट म्हणतात. ती बीट रोज पायी चालायची. बरोबर हातोडा, पाना, लाल-हिरवे झेंडे आणि धोक्याच्या वेळी रुळावर ठेवायचे फटाके. रुळाला स्लीपरवर धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची, जोडावरचे बोल्ट आवळायचे, रुळाला कुठे तडा गेला आहे का ते पाहायचे. अब्बांची बीट मुंब्र्याच्या बाजूची. उन्हाळ्यात रूळ चटका देणारे, पावसाळ्यात खाडीकडून येणारा झोडपा. ते घरी आले की अम्मी आधी त्यांच्या बुटांतले खडे झटकायच्या, मग चहा ठेवायच्या.

मला या कामाची लाज वाटत असे. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘रेल्वेत नोकरी’ एवढेच लिहायचो. कुणी खोदून विचारले तर ‘टेक्निकल साइडला आहेत’ म्हणून मोकळा व्हायचो. १९८८ साली मी दहावीत होतो. एकदा क्लासच्या मित्रांबरोबर लोकलने घरी येत होतो. एके ठिकाणी गाडी सावकाश झाली. बाजूला गँग उभी होती, हातातले काम थांबवून गाडीला वाट देत. त्यात अब्बा होते. डोक्याला पंचा, अंगभर खडीची धूळ. त्यांनी मला पाहिले आणि हात वर केला. शेजारच्या मित्राने विचारले, ‘तुला हात करतोय का रे तो?’ मी तोंड आत वळवले. ‘नाही रे,’ म्हणालो.

त्या रात्री जेवताना अब्बा काही बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत. त्यांनी बहुधा मला नीट ओळखले नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. ती समजूत मी पंचवीस-तीस वर्षे सांभाळली.

२०१३ च्या हिवाळ्यात माझा मेहुणा इंग्लंडहून आला. भाच्यासाठी त्याने तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून हॉर्नबी कंपनीचा एक रेल्वे सेट आणला होता. एक हिरवे इंजिन, तीन डबे, रुळांचे तुकडे आणि वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. तो इंजिनाला जीव की प्राण करून बसला. अब्बांनी मात्र इंजिनाकडे पाहिलेच नाही. त्यांनी रुळाचा एक तुकडा उचलला, नातवाकडून कंपासपेटीतली पट्टी मागून घेतली आणि दोन रुळांमधले अंतर मोजले. साडेसोळा मिलिमीटर.

‘आमची लाइन सोळाशे शहात्तर,’ ते म्हणाले. ‘म्हणजे ही जवळजवळ शंभरावा हिस्सा.’

नातू त्यांच्याकडे बघतच राहिला. खरे सांगायचे तर मीही. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या बापाला हा हिशेब तोंडपाठ होता, हे मला चाळिसाव्या वर्षी कळले.

पहिले काही दिवस गाडी छान धावली. मग अडखळू लागली. वळणावर थबकायची, दिवा लुकलुकायचा. बोटाने ढकलले की दोन फूट जायची आणि पुन्हा थांबायची. मी कंट्रोलर पूर्ण फिरवला, तर ती एकदम उसळून रुळावरून उतरली. मग मी इंजिन खोलून पाहिले. मोटर ठीक होती. शेवटी माझी नजर रुळांवर गेली. ते काळपट पडले होते. मी घरातला पॉलिशपेपर घेतला आणि रूळ घासघासून चकचकीत केले. गाडी सुसाट निघाली. मुलाने टाळ्या वाजवल्या. मलाही मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले.

पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा वाईट दशा झाली. मी पुन्हा पॉलिशपेपर काढला, तेव्हा अब्बांनी माझा हात धरला. त्यांनी रुळावरून अंगठा फिरवला.

‘हे पुसणं नाही, बेटा. ओरबाडणं आहे. तू त्याला चरे पाडलेस. आता मळ त्या चऱ्यांत जाऊन बसणार आणि कापडाने निघणार नाही.’

मग ते फळीशेजारी आडवे झाले. अडुसष्ट-एकोणसत्तर वर्षांचा माणूस, एक गाल जवळजवळ रुळाला टेकवून, एक डोळा मिटून. गँगमध्ये रूळ कुठे खचला, कुठे वाकडा झाला ते असेच वाकून, रुळाच्या रेषेत नजर लावून पाहतात. नातूही त्यांच्याशेजारी तसाच पडला. ‘तिकडे बघ. तिसऱ्या जोडाजवळ रूळ खाली बसलाय. दिसतो का?’ पोराला दिसला. मला तोपर्यंत कधीच दिसला नव्हता.

त्या दिवसापासून रुळांचे काम अब्बांकडे गेले. त्यांच्याकडून आणि पुढे या विषयावर जे काही वाचले त्यातून मला जे कळले, ते सांगतो. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना उपयोगी पडेल.

या गाडीला वीज रुळांतूनच मिळते, जास्तीत जास्त बारा व्होल्ट. एका रुळातून ती चाकात चढते, मोटरमधून फिरते आणि पलीकडच्या चाकातून दुसऱ्या रुळात उतरते. चाक रुळाला टेकते ती जागा टाचणीच्या टोकाएवढीच. तिथे धुळीचा पातळ थर आला तरी वीज अडते. वीज अडली की बारीक ठिणगी उडते, आणि ठिणगीने धातू जळून आणखी काळा थर बसतो. त्यात इंजिनाचे तेल, हवेतली ओल, घरातली धूळ आणि प्लास्टिकच्या चाकांची झीज मिसळते. म्हणजे मळ एकदा बसला की तोच आणखी मळ तयार करतो.

रूळ ज्या धातूचे असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात जर्मन सिल्व्हर म्हणतात तोच प्रकार. नावात चांदी असली तरी आत चांदीचा कण नाही. तांबे, निकेल आणि जस्त. तो लोखंडासारखा गंजत नाही, पण काळवंडतो. आमच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये तर डोळ्यांदेखत काळवंडतो.

अब्बांची पद्धत अशी. आधी कंट्रोलरचा प्लग काढायचा. जुन्या सुती बनियनचा तुकडा एका लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि रुळाच्या डोक्यावरून कोरडाच फिरवायचा. कापड काळे झाले की घडी बदलायची. कापड कोरे निघेपर्यंत हेच. त्यानंतर कापडाला थोडेसे रॉकेल लावून एक हात, आणि लगेच कोरड्या कापडाने दुसरा हात, म्हणजे तेलाचा अंश मागे राहत नाही. मी रॉकेलला नाक मुरडले आणि औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणले. स्पिरिटने रूळ पटकन साफ होत, पण पटकन मळतही. पुढे वाचनात आले की हल्ली बरेच अनुभवी हौशी लोकही स्पिरिटऐवजी रॉकेल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन यांच्या जातीचे द्रव चांगले मानतात, कारण त्यानंतर रुळांवर काळा थर हळू जमतो. मी अब्बांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, ‘मग रॉकेलची बाटली आण ना!’

एक मात्र सांभाळावे लागते. यांतले काहीही रुळांवर ओतायचे नाही, फक्त कापड ओलसर करायचे. खिडकी उघडी हवी, जवळ शेगडी किंवा अगरबत्तीही नको, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय प्लग लावायचा नाही. हे काम मुलांच्या एकट्याच्या हाती देऊ नये. नखांचे पॉलिश काढायचे द्रावण तर चुकूनही वापरू नये, त्याने प्लास्टिकचे स्लीपर विरघळतात. तारेच्या घासणीचे तुकडेही इंजिनाच्या चुंबकाला चिकटून मोटर बिघडवतात.

एवढे करूनही गाडी एका फेरीत रूळ काळे करायची. तेव्हा अब्बांनी इंजिन उलटे धरले. चाकांवर काळी कड जमली होती. ‘रूळ पुसलास, पण चाकं?’ मग आम्ही स्वयंपाकघरातला कागदी रुमाल स्पिरिटने ओलावून रुळांवर आडवा टाकला. इंजिनाची पुढची चाके त्या कागदावर आणि मागची कोऱ्या रुळावर ठेवून, इंजिन हाताने धरून मोटर चालू केली. कागदावर दोन काळ्या रेघा उमटल्या. इंजिन फिरवून दुसऱ्या चाकांचेही तसेच केले. डब्यांची चाके कापूस लावलेल्या काड्यांनी पुसली. महिनाभर मी रुळांना दोष देत होतो आणि मळ चाकांबरोबर गोल-गोल फिरत होता.

तरीही एक दोष राहिला. कंट्रोलरची तार जिथे जोडली होती तिथे गाडी जोरात आणि फळीच्या पलीकडच्या टोकाला मंद. मी हैराण झालो. अब्बा दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर म्हणाले, ‘फिशप्लेटमधून करंट गळतोय.’

रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या बारीक पत्र्याच्या पट्टीलाही फिशप्लेटच म्हणतात. ती सैल झाली किंवा आतून काळी पडली की प्रत्येक जोडावर थोडी थोडी वीज कमी होत जाते. अब्बांनी सांगितले की विजेच्या गाड्यांच्या लाइनीवर वरच्या तारेतून आलेला करंट रुळांतूनच परत जातो. म्हणून जोडावर नुसत्या फिशप्लेटवर भरवसा ठेवत नाहीत, एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंत तांब्याची तार जोडतात. ‘तशी तार लाव.’ कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला घरी बोलावले. त्याने रुळांच्या बाहेरच्या अंगाला तारा लावून डाग दिला आणि फळीला भोके पाडून त्या खालून कंट्रोलरपर्यंत नेल्या. गाडी संपूर्ण फळीभर एका वेगाने फिरू लागली. इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोकही अगदी हेच करतात, हे मला नंतर कळले. अब्बांना ते लाइनीवर चालून माहीत होते.

पुण्यात कोथरूडला लघुरेल्वेचे एक संग्रहालय आहे, जोशी कुटुंबाचे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. एकदा सुट्टीत आम्ही सगळे तिथे गेलो. दिवे लागले, गाड्या सुटल्या, पोरे ओरडू लागली. अब्बा वाकून रुळांच्या रेषेत बघत होते. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, ‘लाइन चांगली ठेवलीय.’ अब्बांच्या तोंडी यापेक्षा मोठी तारीफ मी कधी ऐकली नाही.

रूळ पुसण्याचा आमचा दिवस रविवार ठरला होता. नातू मोठा होऊन क्रिकेटकडे वळला, तरी आम्ही दोघे फळी ओढून बसायचो. एकदा मी म्हणालो, ‘अब्बा, आता गाडी रोज लावतही नाही, तरी रूळ का मळतात?’ ते म्हणाले, ‘लावत नाहीस म्हणूनच. मोठ्या लाइनीवर रूळ कोण चमकवतो? गाडीच चमकवते. रोजच्या लाइनीचा रूळ आरशासारखा असतो, आणि बाजूच्या सायडिंगला गाडी गेली नाही की त्यावर गंज. सिग्नललासुद्धा रुळातूनच करंट असतो. चाकांनी दोन रूळ जोडले की समजतं, इथे गाडी आहे. गंज जास्त चढला तर गाडी उभी असूनही सिग्नलला दिसत नाही.’

ते आपल्या नादात बोलत होते. मला मात्र हातातले कापड फिरवता येईना. मी म्हणालो, ‘अब्बा, मी शाळेत होतो तेव्हा एकदा लोकलमधून येताना...’

‘दहावीत होतास,’ ते म्हणाले.

मी वर्ष सांगितले नव्हते, काही सांगितलेच नव्हते. त्यांची मान खालीच होती. हात रुळावरून फिरत होता, न दाबता, एका लयीत.

‘मी तुमच्याकडे बघून...’

‘पोरगा होतास. ते कापड टाक, काळं झालंय. हे घे.’ त्यांनी आपल्या कापडाची कोरी घडी उलगडून माझ्यापुढे धरली.

याहून जास्त बोलणे झाले नाही. माफी मागायचे शब्द मी आठवडाभर जुळवून ठेवले होते, ते तसेच राहिले. पण त्या रविवारी आम्ही सगळी लाइन पुसून काढली, एकाने आतला रूळ, दुसऱ्याने बाहेरचा. त्यानंतर मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारू लागलो. पहिल्या दिवशी काय वाटले, पावसात ट्रॅकवर पाणी आले की काय करायचे, रात्रीची गस्त कशी असे. ते सांगायचे, मी ऐकायचो. चाळीस वर्षांत बोललो नसू तेवढे आम्ही त्या दीड-दोन वर्षांत बोललो.

२०१८ साली अब्बा अल्लाहला प्यारे झाले. घरात माणसांची ये-जा, मग अम्मींची इद्दत. पलंगाखालची फळी कुणी ओढली नाही. इद्दत संपल्यावर एका रविवारी मुलानेच ती बाहेर काढली. चौदा वर्षांचा झाला होता. त्याने प्लग लावला, कंट्रोलर फिरवला. इंजिन जागचे हलले नाही. चार महिन्यांची धूळ, त्यात पावसाळा मध्ये येऊन गेलेला. रूळ तपकिरी-काळे पडले होते.

मुलगा म्हणाला, ‘अब्बू, पॉलिशपेपर आणू?’

मी अब्बांच्या कपाटातून एक जुना बनियन आणला. अम्मी दारात उभ्या राहून बघत होत्या. मी त्याचे दोन तुकडे केले, तेव्हा त्या काही म्हणाल्या नाहीत, फक्त खिडकी उघडून गेल्या. त्या दिवशी आम्हाला दोन तास लागले. माझ्या जुन्या चऱ्यांतला काळा रंग काही गेला नाही. तो आजही आहे, वळणाजवळ बोट फिरवले की लागतो. पण गाडी चालली.

मुलगा आता इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. फोनवर अभ्यासाचे विचारले की टाळतो, पण स्वतःहून विचारतो, ‘रूळ पुसले का?’ मी पुसतो. आधी कोरडे कापड, मग रॉकेलचा एक हात, मग पुन्हा कोरडे. नंतर दहा मिनिटे गाडी फिरवतो, कुणी बघायला नसले तरी. अम्मी त्या वेळी पलंगावर तसबीह घेऊन बसतात.

बँकेत जाताना मी अजून लोकलनेच जातो. खिडकीशी जागा मिळाली आणि बाहेर गँग दिसली की हात वर करतो. हल्ली त्यांच्या अंगात केशरी जाकिटे असतात, लांबून ओळखू येतात. बहुतेक वेळा त्यांचे लक्ष नसते. त्यांची नजर रुळावर असते, तिथेच असायला हवी. पण कधी कधी एखादा हात वर येतो, आणि माझा तो दिवस चांगला जातो.